स्वच्छ धुतलेलं ब्लँकेट

मी एक जुनं लोकरीचं ब्लँकेट आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. आज मी इतकं स्वच्छ आहे, की खुशाल पाहुण्यांना पांघरायला द्यावं. त्याच स्वच्छतेची ही गोष्ट आहे आणि ती काही गोड नाही.

माझा जन्म गिरणीत झाला. एका गिऱ्हाइकाने मला काका-काकींच्या लाँड्रीत धुवायला टाकलं आणि ते जे गेलं ते गेलंच. शेवटी काकींनी मला इस्त्रीच्या टेबलाखाली अंथरलं. तिथे त्यांचा कुत्रा ढोल्या झोपायचा, नावाप्रमाणेच ऐसपैस. लाळ, चिखल, केस, सगळं माझ्यावर! मला त्याचा भारी राग यायचा.

मग काकींनी गटारातून मांजरीचं एक पिल्लू उचलून आणलं. सुतळीएवढं बारीक, म्हणून नावही सुतळी. ती थेट ढोल्याच्या पोटाशी शिरली. ढोल्याने एक डोळा उघडला, तिला चाटलं आणि पुन्हा घोरू लागला. त्यानंतर ती कधी वेगळी झोपली नाही. "आणि म्हणे कुत्र्या-मांजराचं वैर!" असं म्हणत काका गिऱ्हाइकांना वाकून बघायला लावायचे. माझा राग कधी गेला, मलाही कळलं नाही.

ढोल्या म्हातारा झाला. एका सकाळी त्याला दवाखान्यात नेलं, ते काका-काकी त्याला तिकडेच पुरून परतले. सुतळीला कुणी काही दाखवलं नाही. मांजराला काय दाखवायचं? ती दिवसभर दारात बसली. अंधार पडल्यावर माझ्याकडे आली आणि ढोल्याच्या अंगाने पडलेल्या खळग्यात नाक खुपसून झोपली. सकाळी उठून दोन घास खाल्ले. मग रोज तसंच. माझ्यात ढोल्याचा वास होता, त्याच्यावर ती तग धरून होती. मित्रांनो, एवढं मोठं काम मला जन्मात मिळालं नव्हतं.

पण काकींचा जन्म डाग काढण्यात गेलेला. डाग निघाला की दुखणं संपलं, एवढंच त्यांना ठाऊक.

"या वासानेच तिचा जीव कुढतोय," त्या म्हणाल्या. "एकदा धुऊन टाकते, म्हणजे विसरेल बिचारी."

"अगं, राहू दे ना. तेवढंच तर आहे तिला," काका म्हणाले.

"तुमचं आपलं काहीतरीच!"

गरम पाणी, सोडा, साबण, वर सुगंधी द्रव. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. काकींनी मला मायेने घासलं, हेच तर वाईट. शत्रूने असं केलं असतं, तर मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या.

वाळल्यावर मला पुन्हा जागेवर अंथरलं. सुतळी धावत आली. तिने एक कोपरा हुंगला, दुसरा हुंगला, मधोमध पंजांनी खूप उकरलं. मग ती माझ्यावरून उतरली आणि गार फरशीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने वाटीला तोंड लावलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला सलाईन लावलं आणि विचारलं, "त्याचं अंथरूण आहे ना तिच्याजवळ?"

काकी म्हणाल्या, "आहे. स्वच्छ धुऊन दिलंय."

बाईंनी चमकून काकींकडे पाहिलं. काकींना तिथेच उमगलं, पण धुतलेलं परत कसं मळवणार? थोड्याच दिवसांनी त्या दवाखान्यातून सुतळीला नेलेली टोपली रिकामीच घेऊन आल्या. मला उराशी घेऊन खाली बसल्या आणि माझ्यात तोंड खुपसलं.

"ढोल्याचा नाही, सुतळीचाही नाही," त्या काकांना म्हणाल्या. "नुसता साबणाचा वास येतोय हो!"

मित्रांनो, दोन जिवांतला एक गेला, तर मागे राहिलेल्याला त्याचा निरोप घेऊ द्या. हुंगू द्या, शोधू द्या, त्याच्या जागेवर झोपू द्या. घाण दिसली तर दिसू दे. ब्लँकेट काय, धुवायला अख्खं आयुष्य पडलंय.