कै. संतराम पेमा राठोड

चूक माझीच, हे आधी सांगून टाकतो. मालक रणजीतसेठ दिपकला शिव्या घालायचे, दिपक कॉम्प्युटरला घालायचा, अन् मी खाली मान घालून ऐकायचो. गप बसणं माझ्या स्वभावात नाही. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात कुणालाही विचारा, गॅस एजन्सीतला विश्वंभर मुनीम तोंडाचा किती फटकळ ते. पण त्या महिन्यात माझी वाचाच बसली होती.

सन दोन हजार चार. कंपनीचं पत्र आलं, की सगळे ग्राहक महिनाअखेर नव्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. सगळे म्हणजे दोन हजार तीनशे चौदा माणसं, अन् ती सगळी माझ्या हातच्या सहा रजिस्टरांत. हिंगोलीहून दिपकला बोलावलं. त्याचा तिथं कॉम्प्युटरचा क्लास होता. दोन लेकरांचा बाप, एरवी शांत माणूस. मी वाचायचो, तो टाइप करायचा. नाव, बापाचं नाव, गाव, ग्राहक क्रमांक, शेगडी. लाईट दिवसातून चार तास, तेही तिच्या मर्जीनं. आली की पळत जाऊन बसायचं. एकदा भरलं ताट तसंच टाकून उठलो तर आमची तारा म्हणाली, "त्या डब्याशीच लगीन लावून घ्या आता!"

दिपकनं रकाने पाडले होते. पहिल्या रकान्यात नावाआधीचं, म्हणजे श्री, श्रीमती, कुमारी. तिसऱ्या दिवशी त्याची बोटं थांबली.

"काका, हे लाल शाईतलं कै. कुठं टाकू?"

आता हे लाल शाईचं प्रकरण सांगतो. ग्राहक वारला की कनेक्शन बायकोच्या नावावर करायचं असतं. त्याला मृत्यूचा दाखला, पोरांच्या सह्या, दहा हेलपाटे. लोक करत नाहीत. सिलिंडर तर मिळून राहिलंय, मग कशाला तकलीफ? मीही अडवत नव्हतो. पण माणूस गेल्याचं कानावर आलं की रजिस्टरात त्याच्या नावाआधी मी लाल शाईनं कै. लिहायचो. पावतीवरही लाल पेनानंच लिहायचो. गेलेल्या माणसाला श्री लिहायचं? आमच्या घरात ते चालत नव्हतं. वडील देवळातले पुजारी. लग्नपत्रिकेत कुणाचं कै. राहून गेलं तर ते पत्रिका परत पाठवायचे. तेच वळण मला लागलं. कंपनीत कुणी वाचत नव्हतं, म्हणून निभावलं.

"ह्यात शेवटी एक पर्याय आहे, लेट म्हणून," दिपक म्हणाला.

"तेच ते. घाल."

घातलं. एकोणीस नावांना घातलं.

डेटा एकदाच चढवता येणार होता, मग कंपनीचं कुलूप. एका सकाळी लाईट आली तशी दिपकनं फाईल चढवली. दोन तास आम्ही त्या हिरव्या पट्टीकडं बघत बसलो. रणजीतसेठनी पेढेसुद्धा मागवून ठेवले होते. शेवटी आकडे आले, चालू दोन हजार दोनशे पंच्याण्णव, बंद एकोणीस.

"बंद म्हणजे काय रे?"

दिपकनं यादी उघडली अन् त्याचा चेहरा पडला. "काका, ह्याच्या हिशोबानं माणूस मेला की कनेक्शन बंद. सिलिंडरचा नंबरच लागत नाही."

एवढी वर्षं जे एक अक्षर मी मान ठेवायला लिहिलं, त्यानंच एकोणीस घरांतली शेगडी विझवली. पेढे कुणी खाल्ले नाहीत.

अठरा जणांचं निस्तरलं. गावातली, बाजारातली माणसं ती. दाखले ट्रंकेत होते, फक्त कुणी आणले नव्हते. मी घरोघर जाऊन आणले, हातापाया पडून सह्या घेतल्या अन् कनेक्शनं बायकांच्या नावावर करून घेतली. उरला एकच. ग्राहक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस, संतराम पेमा राठोड, पुसेगावजवळचा तांडा.

हा संतराम मला चांगला आठवतो. शहाण्णव साली बायकोला, अनुसयाबाईला, घेऊन आला होता. तिला दम्याचा जुना त्रास. डॉक्टरनं सांगितलं होतं, चुलीपुढं बसशील तर जगणार नाहीस. त्या तांड्यात तेव्हा एकाकडंही गॅस नव्हता. संतरामनं मला टेबलावर शेगडी पेटवून दाखवायला लावली, खाली वाकून निळ्या जाळाकडं बघितलं अन् तीनदा विचारलं, "धूर न्हाई ना व्हनार, मुनीमजी? एकदम न्हाई ना?" मी चिडलो, "अरे एकदा सांगितलं ना, नाही!" तो खूश होऊन हसला.

तीन वर्षांनी टोळीबरोबर ऊस तोडायला कर्नाटकात गेला, तिथंच तापानं गेला. टोळीनं ओढ्याकाठी अग्नी दिला अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उतरली. नोंद कुणी केली नाही. मेला त्याच गावात नोंद होते, म्हणून इथला ग्रामसेवक हात वर करायचा. तिकडं जाऊन अनुसयाबाईनं विचारायचं कुणाला? तिला ते गावसुद्धा माहीत नव्हतं.

मी कंपनीच्या साहेबाला फोन लावला. एकदा नाही, अकरा वेळा लावला. बाराव्यांदा तो वैतागून म्हणाला, "तुम्हाला दोन रस्ते आहेत. माणूस मेला असेल तर दाखला पाठवा, नावावर करून देतो. चुकून मेला असं पडलं असेल तर हयात असल्याचा अर्ज पाठवा, त्याचा अंगठा आणि तुमची साक्ष. तीस तारखेनंतर शेगडी-सिलिंडर जमा करून घ्या."

"अहो साहेब, तो मेलाय पण दाखला नाही!"

"मग मेला कशावरून?"

अख्ख्या सरकारदरबारी संतराम मेल्याचा पुरावा एकच होता, माझी लाल शाई.

अठ्ठावीस तारखेला जीप धरून पुसेगाव गाठलं, तिथून तांड्यावर चालत गेलो. अनुसयाबाईचा गॅस संपून बारा दिवस झाले होते. दारातूनच धूर दिसला. आत ती चुलीपुढं बसून फुंकत होती अन् प्रत्येक फुंकीनंतर खोकत होती. असा खोकला की मध्येच श्वास अडकायचा, डोळे पांढरे व्हायचे. मला बघून पदरानं तोंड पुसलं अन् उठायला गेली, तर भिंत धरावी लागली.

मी बाहेर ओट्यावर बसून सगळं समजावलं. अर्ज पुढं केला. "कुणी येऊन बघत नाही, अनुसयाबाई. त्याच्या नावापुढं कुणाचाही अंगठा चालतो. तुमचाच करा. परवा सिलिंडर येतंय."

"ह्याच्यात काय लिवलंय?"

"की संतराम जिवंत आहे. नुसतं लिहायपुरतं."

ती आत गेली अन् पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात माझ्या पावत्या होत्या. पाच वर्षांच्या सगळ्या, दोऱ्यानं बांधलेल्या. तिला अक्षर ओळखीचं नाही, पण वरच्या पावतीवरच्या लाल शाईवर तिनं बरोबर बोट ठेवलं.

"हे मेल्याचं हाय ना, मुनीमजी? थावरानं सांगितलं मला." थावरा म्हणजे आमचा सिलिंडर पोचवणारा माणूस, तिच्याच तांड्यातला.

"हो."

"ग्रामसेवकाला इच्यारलं, तलाठ्याला इच्यारलं, टोळीच्या मुकादमाच्या दारात दोन दिस बसले. कुनी लिवून देईना. माज्या मानसाचं शेवटचं तोंड बी न्हाई पाहिलं मी, तुमाला म्हाईत हाय. पाच साल झाले, कुठंतरी जित्ता असंल, दुसरी केली असंल, असं बायका माज्या माघारी बोलत्यात. मी ह्या पावत्या दाखविते. फक्त तुमी लिवलं. आन आता मीच अंगठा देऊ का, की जित्ता हाय म्हनून?"

"अहो, त्यानंच आणला ना हा गॅस तुमच्यासाठी!"

"व्हय. त्यानंच आनला."

"मग? मरायचंय का चुलीपुढं? डॉक्टरनं काय सांगितलं होतं? कागद आहे तो, कागद! कागदाला काय कळतंय!" मी ओरडत होतो. तांड्यातली माणसं दारात येऊन बघायला लागली. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांत पाणी घेऊन एका आजारी बाईवर खेकसत होतो. लाज वाटायला पाहिजे होती, पण त्या वेळी वाटली नाही.

ती रागावली नाही. माझ्यासाठी चहा टाकते म्हणाली. चुलीवर. मी म्हटलं, नको बाई, नको, अन् उठलो.

पुसेगावच्या फाट्यावर जीपची वाट बघत दगडावर बसलो होतो. अर्ज मांडीवर. पिशवीत शाईचा पॅड होता. इकडं तिकडं बघितलं अन् डावा अंगठा शाईत बुडवून संतरामच्या नावापुढं टेकवला. खाली साक्षीदार म्हणून सही ठोकली. आयुष्यात कधी खोटी नोंद केली नव्हती. अंगठा स्वच्छ उठला. शर्टाला पुसला तर डाग पडला. पडू दे म्हटलं, बाई जगली म्हणजे झालं.

अर्ज मुदतीत कंपनीला पोचला. चार दिवसांनी दिपकनं हाक मारली, "काका, अकराशे सत्तेचाळीस चालू!" मी खुर्चीतून उडालोच. भरलेलं सिलिंडर माझ्या देखत गाडीवर पहिलं चढवलं. पावती आता कॉम्प्युटरातून निघत होती. ती थावराच्या खिशात घालून सांगितलं, "बाकीची गावं मागून. आधी तांडा. शेगडी पेटवूनच निघायचं, समजलं?"

दुपारी गाडी परत आली. थावरानं सिलिंडर खाली घेतलं. सील तसंच होतं.

"काहून आणलंस रे परत?"

"काकी घीना." थावरानं घडी घातलेली पावती टेबलावर ठेवली. "लई येळ हातात धरून पाहात व्हती. लाल दिसना तिला कुठं. मग मला म्हनली, वाच. मी वाचलं, श्री संतराम पेमा राठोड."

"मग?"

"म्हनली, हे आमचं न्हाई, बाबा. ज्या बाईचा मानूस जित्ता हाय तिच्या घरी देऊन ये."

मी एवढंच विचारलं, तू निघालास तेव्हा ती काय करत होती.

थावरा सिलिंडरवर हात ठेवून उभा होता. "चूल फुंकून राहिली व्हती," तो म्हणाला.