खाली म्हणजे नक्की कुठं

त्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर मधोमध एकच शब्द लिहिला, 'पुट', आणि त्याच्याभोवती सूर्याला काढतात तशा किरणांच्या रेषा काढल्या. प्रत्येक रेषेच्या टोकाला एकेक चिमुकला शब्द. ऑन, ऑफ, आउट, डाउन, अंडर.

"बाई, भिंतीवर चढतं ते पुट का हे?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"तेच समज," बाई म्हणाल्या. "शब्द तोच, पुटं वेगवेगळी."

तोफ पहिल्या बाकावर होती. तोफ हे नाव आजोबांनी ठेवलेलं, कारण ती बोलायला लागली की समोरच्यानं आडोसा शोधावा. गेल्या वर्षापर्यंत इंग्रजीच्या तासाला या तोफेची दारू ओली असायची. यंदा कशी कोण जाणे ती वाळली, आणि आता सगळ्यात आधी हात वर व्हायचा तो तिचाच. पुट ऑन म्हणजे अंगावर चढवणं. पुट आउट म्हणजे विझवणं. पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं, "जसा आमच्या बाबांचा व्यायाम."

"आणि पुट डाउन?"

"खाली ठेवणं." यात काय विचारायचं?

"वस्तूच्या बाबतीत बरोबर. पण आजारी जनावराबद्दल डॉक्टर असं म्हणाले, तर त्याचा अर्थ इंजेक्शन देऊन त्याचा जीव घेणं. त्याचे हाल थांबवायला." बाईंनी घाईघाईनं पुढच्या रेषेवर खडू टेकवला. "पुट अंडर म्हणजे मात्र नुसती गुंगी देणं. ऑपरेशनच्या आधी देतात ती."

शाळा सुटल्यावर तोफ नेहमीसारखी आजोबांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथं आजोबा बॅगांच्या चेनी बदलायचे, सूटकेसना चाकं बसवायचे, तुटके पट्टे शिवायचे. त्यांच्या कामाच्या टेबलाखाली, चामड्याच्या तुकड्यांच्या ढिगात, बक्कल पडलेला असायचा. बक्कल म्हणजे आजोबांचा कुत्रा. पिल्लू असताना त्यानं एक पितळी बक्कल गिळलं होतं आणि यथावकाश ते परतही केलं होतं. नाव मात्र कायमचं चिकटलं. आता तो म्हातारा झाला होता, आणि मागच्या पायावर लिंबाएवढी गाठ आल्यापासून लंगडत होता.

आज टेबलाखाली नुसते तुकडे होते.

"बक्कल कुठाय?"

"दवाखान्यात सोडून आलो," आजोबा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले. "ते नवीन डॉक्टर आलेत ना, त्यांच्याकडं. संध्याकाळी या म्हणालेत."

"तुम्ही एकटेच गेलात? त्यांना आपली भाषा येत नाही, आजोबा."

"मग? गाठ काय भाषेत असते? मी पाय दाखवला, ते बोलले, मी मान डोलावली."

"काय बोलले?"

"याला कुठं ठेवू, असं विचारत होते. सारखं आपलं पुट, पुट. खाली ठेवू का, म्हणाले. मीपण म्हटलं, खालीच ठेवा."

तोफ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"खालीला ते नेमकं काय म्हणाले? नीट आठवा. डाउन म्हणाले का?"

"डाउन होतं." आजोबांनी सुई थांबवली. "अंडरपण होतं. का गं? दोन्हीचा अर्थ खालीच ना?"

"आणि तुम्ही? तुम्ही कुठला शब्द म्हणालात?"

"आता तेवढं कुणाला आठवतंय? त्यातलाच कुठला तरी."

तिनं दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडं नुसतं संगीत वाजत राहिलं, गोड गोड, अगदी राग येईल इतकं गोड.

"चला," ती म्हणाली.

"आत्ता? अगं, या गिऱ्हाइकाच्या बॅगेची चेन अर्धी..."

"आजोबा, चला ना."

आजोबांनी शटर खाली ओढलं. खाली. आज हा शब्द जिथं तिथं तिच्या पायात येत होता. आपल्या भाषेला हे असं एकच खाली का पुरतं, असं तिला वाटलं. ध चा मा व्हायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथं काही न बदलताच जीव जाणार.

रस्त्यावर ती चार पावलं पुढं पळायची, मागं वळायची, थांबायची. आजोबांचा गुडघा त्यांना जेवढं चालू देत होता तेवढंच ते चालत होते. चौकातला दिवा लाल तो लालच. काय झालंय ते त्यांना सांगावं तर दवाखान्यापर्यंत ते चालू शकायचे नाहीत, आणि न सांगावं तर आपलीच छाती फुटायची. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"तोफ गप्प झाली की मला धडकी भरते," आजोबा म्हणाले.

"काही नाही हो." मग राहवलं नाही म्हणून, "डॉक्टरांचा चेहरा कसा होता? तुम्ही खाली म्हटल्यावर?"

"गंभीर झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. माणूस चांगला आहे."

तोफेनं पावलं आणखी भराभर उचलली. खांद्यावर हात का ठेवतात, हे तिला ठाऊक होतं.

दवाखान्यात काचेमागच्या ताईंसमोर उभी राहिली आणि तिचं सगळं इंग्रजी पळालं. शेवटी कसंबसं निघालं, "बक्कल? डॉग? ब्राउन?" ताईंनी पडद्यावर काहीतरी पाहिलं, आतल्या बंद दाराकडं पाहिलं, आणि बसा अशी खूण केली. बाकावर एक बाई मांडीवर मांजराची टोपली घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावरच्या खुंटीला बक्कलचा पट्टा लटकत होता. आजोबांनी स्वतः शिवलेला, पितळी कडीचा. रिकामा.

"पट्टा कशाला काढला?" आजोबा म्हणाले. "पट्ट्याशिवाय त्याला उघडं वाटतं."

मग मात्र तोफेला धरवेना. "आजोबा, पुट डाउन म्हणजे खाली ठेवणं नाही. कुत्र्याच्या बाबतीत नाही. म्हणजे इंजेक्शन देऊन..." पुढचं तिनं हातानंच सांगितलं.

आजोबा बाकावर बसले. मांजरवाली बाई सरकली. हात लांबवून त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढून घेतला.

"मी त्यांना थँक्यूसुद्धा म्हटलं गं," ते म्हणाले.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टर मास्क हनुवटीवर ओढत बाहेर आले. तोफ उठली. या वेळी वाक्य सरळ आलं: "डिड यू पुट हिम डाउन, ऑर अंडर?"

डॉक्टरांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग आजोबांकडं, आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागले. तोफ कानात प्राण आणून ऐकत होती. कुत्रा म्हातारा आहे. आपण दोन वाटा सांगितल्या होत्या. एक पुट डाउन, म्हणजे त्याचे हाल संपतील. दुसरी पुट अंडर, म्हणजे गुंगी देऊन गाठ काढायची, पण या वयात गुंगीतून उठेलच असं नाही. आपला सल्ला पहिल्या वाटेचा होता. पण आजोबा ऐकायलाच तयार नव्हते. सारखं एकच म्हणाले. अंडर. ही लाइक्स अंडर. ऑल्वेज व्हेरी हॅपी अंडर.

"गाठ निघालीय," तोफ आजोबांना म्हणाली. "गुंगी अजून उतरली नाही. आत या म्हणतायत. पण शुद्धीवर येईल का ते..." तिनं वाक्य सोडून दिलं.

आतल्या खोलीत उंच स्टीलच्या टेबलावर बक्कल पडला होता. पाय बांधलेला, जीभ कडेला लोंबलेली. पोट वर व्हायचं, खाली जायचं, आणि खाली गेल्यावर पुन्हा वर येईपर्यंत तोफ श्वास घ्यायची नाही.

आजोबांनी टेबलाची उंची पाहिली. खाली वाकून टेबलाखालची रिकामी फरशी पाहिली.

"मी यांना टेबलाखाली म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "उंचावर घाबरतो तो. घरीदारी सदा टेबलाखाली असतो, एवढंच सांगत होतो मी."

त्यांचा आवाज ऐकून बक्कलचा एक कान हलला. अगदी जरासा. पण ते डॉक्टरांनीही पाहिलं, आणि ते पटकन पुढं होऊन त्याच्या छातीला नळी लावून ऐकू लागले.

आजोबांनी तोफेची बाही ओढली. "विचार त्यांना, उठल्यावर याला उतरवून टेबलाखाली ठेवाल का."

तोफेनं तोंड उघडलं.

"आणि हे बघ," आजोबा म्हणाले, "डाउन शब्द काढू नकोस."