साठच्या वर

२.० व्होल्ट

मारोतरावाची सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, ब्लास्ट फर्नेसच्या तोंडाशी गेलेली. उष्णतेबद्दल कोणी शिकवायला आलं की त्याला हसू फुटायचं. आज मुलगा शिकवत होता.

"बाबा, हसू नका. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसून राहिला ना? साठच्या वर गेला की हे बटन दाबून बंद करायचं. सोचत बसायचं नाही."

"साठ डिग्री?"

"हो."

"अबे चंपत, साठ डिग्रीचा चहा आमच्याकडं थंडा म्हणून वापस करतेत."

चंपत सिव्हिक सेंटरजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. सुटे भाग जमवून त्यानं सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीत, हा डबा उभा केला होता. डब्याची एक बाजू उघडीच. आत प्रोसेसर, त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, ठोकळ्यावर तळहाताएवढा पंखा. प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झच्या वेगाचा. चंपतनं तो साडेचारशेनं पळवायला घेतला होता. पळवला की तो अडखळायचा. अडखळू नये म्हणून त्याला दोनऐवजी दोन पूर्णांक दोन व्होल्ट पाजायचे. जास्त पाजले की तापायचा, आणि फार तापला की पुन्हा अडखळायचा.

"दोन व्होल्ट," मारोतराव म्हणाला. "टॉर्चमध्ये तीन असतेत."

२.२ व्होल्ट

एवढी घाई एका आवाजासाठी होती.

भिलाईत आल्यावर शेजारणींच्या संगतीनं सिंधुताईला गुडाखूची सवय लागली. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा दातांना घासता घासता दुखणं गळ्यात उतरलं. होळीच्या आधी नागपूरला डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. आता तिच्या गळ्याला एक भोक होतं, त्यावर मलमलीचं फडकं. श्वास तिथूनच आत-बाहेर.

ऑपरेशनला जाण्याआधी चंपतनं तिला मायक्रोफोनसमोर बसवलं होतं. आधी ती लाजली, मग अशी खुलली की थांबेना. स्वतः जुळवलेला पाळणा म्हटला. घरातल्या एकेकाला नावानं हाक मारली. मारोतरावाला तर मशिनीदेखत चांगलं झाडून काढलं. मुलगी रमा तेव्हा राजनांदगावला सासरी, पोटुशी. आता तिला मुलगी झाली होती, बारसं तोंडावर आलं होतं, आणि पाळण्यापाशी आजीचा आवाज कॅसेटवर वाजायचा होता.

पण रेकॉर्डिंगभर मशिनीच्या पंख्याची घरघर. ती काढायला मशीन जुन्या वेगानं बारशापर्यंत पुरी पडली नसती. त्यात डिस्क भरलेली. म्हणून साफ झालेला तुकडा जुन्या तुकड्याच्या जागीच लिहिला जाणार होता.

दुसरी प्रत नव्हती. एक चंपतच्या मनात होती, उद्या करू अशी.

५१

चंपतनं सारं पहाटेच्या गारव्यात तपासलं होतं. आकडा एक्कावन्नला चिकटून बसलेला. त्याच्या क्लासमध्ये परीक्षा होती, जाणं भाग होतं.

"आई," निघताना तो म्हणाला, "बाबांवर ध्यान ठेव."

सिंधुताई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. तिनं मान हलवली. मारोतरावाकडं बोट दाखवून कपाळावर हात मारला.

"पाह्यलं?" मारोतराव म्हणाला. "बोलणं गेलं, पण टोमणा नाही गेला."

ती हसली. हसण्याची हवा फडक्यातून आली.

५८

मे महिना. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. खोली तापत गेली, आणि तो तळहाताएवढा पंखा त्याच खोलीची हवा प्रोसेसरवर मारत राहिला. पहाटेची खोली आणि दुपारची खोली, यांच्यात जेवढा फरक तेवढा आकडा चढणारच. हे चंपतच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

मारोतरावानं खुर्ची पुढं ओढली. स्क्रीनवर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं भरत होती. ती निम्मी झाली होती.

६४

बटन त्याच्या हाताशी होतं.

आता मारोतरावाचं काय झालं ते समजून घ्यायला हवं. तो निष्काळजी नव्हता. पण भट्टीवर पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट अंगात भिनवतात: चालती भट्टी मध्येच थांबवायची नाही. हवेचा झोत बंद पडला की आतला लोखंडाचा रस गोठतो, पोटात दगड होतो, आणि तो फोडता फोडता माणसं भाजतात. अशी एक गोठलेली भट्टी त्यानं पाहिली होती. तिच्यापुढं रडणारा इंजिनिअरही. तापलेली भट्टी सांभाळता येते, थांबलेली नाही.

पट्टी निम्म्याच्या पुढं. आता बंद केलं तर अर्धा आवाज आत गोठून राहणार, असं त्याला अगदी स्पष्ट दिसलं.

त्यानं टेबलफॅन आणला आणि उघड्या बाजूला लावला.

७१

टेबलफॅनही गरम हवाच फेकत होता.

सिंधुताई उठून आली. आकडा तिला वाचता येत होता. तिनं बटनाकडं बोट केलं.

"थांब जरा."

तिनं पुन्हा बोट केलं.

"होऊन राहिलं नं. पट्टी पाह्य, थोडीशीच राहिली."

तिनं स्टीलचा गिलास उचलून टेबलावर आपटला, एकदा, दोनदा. मशीन चालूच होती, कुठं अडकली नव्हती, धूर नव्हता, वास नव्हता.

"तुले का समजते त्यातलं? मी जिंदगीभर हेच करून राहिलो. मध्येच बंद नाही करत, बाई!"

पूर्वी असतं तर ती एवढ्या जोरात ओरडली असती की पलीकडच्या ठकूबाईनं खिडकीतून काय झालं म्हणून विचारलं असतं, आणि मारोतरावानं मुकाट्यानं ऐकलं असतं. तिचं ऐकायची त्याला सवय होती. आता ती ओठ हलवत होती, आणि ओठ वाचायची सवय त्याला अजून लागली नव्हती.

तिनं हात पुढं केला.

त्यानं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

७३

७३

७३

पट्टी भरली.

"झालं!" मारोतराव म्हणाला आणि मनगट सोडलं.

बंद

चंपत घामानं निथळत आला. आकडा पाहिला. बापाकडं पाहिलंही नाही. सरळ पहिला तुकडा लावला.

कढईत फोडणी तडतडावी तसा आवाज. दुसरा तुकडा: तडतड. पाळण्याच्या तुकड्यात मध्ये कुठंतरी एक अक्षर आलं, "गो" की "जो", आणि बुडालं.

"पण ती बंद नाही पडली," मारोतराव म्हणाला. "बराबर चालून राहिली होती, चंपत. मी डोळा नाही हलवला."

"बंद पडली असती तर बचलं असतं, बाबा." चंपतचा आवाज अगदी साधा होता. "तापल्यावर ते गलत हिशोब करते. चूप राहून. गलत करत गेलं, अन् पुरान्यावर लिहत गेलं."

"म्हणजे आतमध्ये—"

"आतमध्ये काही नाही."

त्यानं मशीन बंद केली. मग टेबलफॅनही, जणू त्याचंही काही चुकलं होतं.

मारोतराव बायकोकडं पाहायला धजला नाही. तिचे पाय दिसत होते, तेवढेच तो पाहत राहिला.

फोन वाजला. राजनांदगावहून रमा.

"बाबा, कॅसेट कधी आणता? सासूबाई सगळ्यांना सांगून बसल्या."

"काम चालू हाय," मारोतराव म्हणाला.

"किती राहिलं?"

"थोडंसं."

सिंधुताईनं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. कानाला लावला नाही. गळ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि बोलायची जाळी भोकापाशी धरली. श्वास आत गेला, बाहेर आला. जराशी घरघर, जराशी शीळ.

"हॅलो? बाबा? लय खरखर येऊन राहिली. लाईन खराब हाय का? ठेवा, मी पुन्हा लावते."

सिंधुताईनं रिसीव्हर ठेवला. ठेवून तिथंच उभी राहिली. चंपत भिंतीकडं तोंड करून होता.

फोन पुन्हा वाजला. बराच वाजला. मारोतरावानं उचलला, आणि दुपारनंतर पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडं पाहिलं.

"लाईन चांगली हाय, रमा," तो म्हणाला. "मघा ते तुझी आईच होती."