धुक्यातली हाक

राजधानीतल्या कचेरीत बसून कुई बोयान यांनी एकांतावर साठेक कविता केल्या होत्या. समोर अर्जांचा ढीग, दाराशी शिपाई, आणि कागदावर मात्र ढग, बांबू, निर्जन वाट. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी तब्येतीचं कारण पुढे करून राजीनामा दिला आणि दक्षिणेतल्या एका डोंगरावर झोपडी बांधली. बांधली म्हणजे गू नावाच्या कोळसेवाल्यानं बांधली. यांनी फक्त खिडकी कुठल्या दिशेला हवी ते सांगितलं.

पहिल्याच महिन्यात त्यांना कळून चुकलं, की एकांतात दुपार फार लांबते. ढग बघून झाले की पुढे बघायला पुन्हा ढगच. गूची बायको लिआन पालेभाजी द्यायला आली की ते तिला थांबवून घेत आणि तिच्या शेळीबद्दल इतकं विचारत, की तिला वाटे, शेळीवर कर बसवणार बहुतेक. ती गेली की ते आत जाऊन लिहीत, 'दहा दिवसांत माणसाचं पाऊल नाही.'

शरदातल्या एका सकाळी ते गळ घेऊन ओढ्यावर जाऊन बसले. आमिष लावलं नव्हतं. मासा कुणाला हवा होता? आपण बसलेले कसे दिसतो, याचीच काळजी जास्त. तेवढ्यात धुकं उतरलं आणि बघता बघता स्वतःचा हातही दिसेना. ते उठले, चार पावलं चालले आणि वाट चुकले.

आधी ते नुसतं खाकरले. मग कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "कोण आहे रे तिकडे?" इथे कोण येणार? शेवटी लाज सोडून ते ओरडले, "गूभाऊ! लिआनवहिनी! अहो, कोणी आहे का?"

"साहेब, हलू नका!" लांबून गूचा आवाज आला. "पुढे कडा आहे! बोलत राहा, आवाजावर येतो!"

"काय बोलू?"

"काहीही बोला! एरवी थांबता का?"

भीतीनं डोकं रिकामं झालं होतं. सकाळचीच कविता तेवढी आठवली. ते जिवाच्या आकांतानं गाऊ लागले, "नको मला माणूस कोणी, ढग माझा सोबती..."

"अगं बाई!" धुक्यातून लिआन म्हणाली. "हे तर कोणी नको म्हणतायत. अहो, फिरायचं का मागे?"

"नको, नको! ती कविता आहे!"

"मग खरं काय ते सांगा की!"

"भीती वाटतेय, वहिनी! लवकर या!"

एवढं ओरडून झाल्यावर, त्या अवस्थेतही, त्यांच्या मनात आलं: ओळ सुटसुटीत झाली.

कोळशानं माखलेल्या हातानं गूनं त्यांचं कोपर धरलं. झोपडी तिथून पन्नास पावलांवर होती. नवराबायकोनं त्यांना आपल्या घरी नेलं, चुलीपाशी बसवलं आणि गरम पेज वाढली.

"बरं झालं, कड्याचं सांगितलंत," बोयान म्हणाले.

"कडा कसला, साहेब? आमचा मुळ्याचा वाफा आहे. तुडवाल म्हणून म्हटलं."

लिआन तोंडावर बाही धरून वळली. बोयान यांना ठसका लागला. मग तेच इतके हसले, की पेज सांडली. त्यांनी आणखी एक वाडगा मागून घेतला आणि विचारलं, "उद्या भट्टीवर आलो तर चालेल?"

"या की. पण लाकडं रचावी लागतील."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज लाकडं रचू लागले. त्यांची पाठ वळली की गू ती गुपचूप पुन्हा रची. बोयान यांना हे ठाऊक होतं. पण पुढची मोळी आणायला जाताना ते मुद्दाम जरा हळू चालत, म्हणजे त्याला पुरेसा वेळ मिळे.