पांढरी खूण आणि तीन बोटं

मित्रांनो, मी एक जुना पलटी नांगर आहे आणि स्वभावाने पक्का घाबरट आहे. एवढ्या जड लोखंडी गड्याने घाबरावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण माझं जरा ऐका. ट्रॅक्टरच्या पाठीला मला जोडतात तेव्हा माझे दोन फाळ जमिनीत असतात आणि दोन आभाळाकडे. शेताच्या टोकाला पोचलो की मी कूस बदलतो आणि वरचे फाळ खाली येतात. खाली मातीत काय दडलंय, ते मात्र मला कधीच दिसत नाही. फाळाला लागतं तेव्हा कळतं, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

एका कारखान्यात ठिणग्यांच्या पावसात माझा जन्म झाला. तिथे मला निळाशार रंग दिला आणि बाबांनी मला घरी आणलं. बाबा म्हणजे दोन मुलींचे वडील. थोरली त्यांच्याबरोबर राहून शेत बघते. धाकटीने शेताच्या खालच्या अंगाला आपली रोपवाटिका काढली आहे आणि ती तिथेच राहते. विहीर वरच्या अंगाला. त्यामुळे रोपांचं पाणी शेताखालून पाइपाने जातं. पाइप पुरताना खाली कातळ लागला, म्हणून तो जेमतेम एक वीत दोन बोटं खोल बसला. मला जायचं असतं एक वीत खोल. म्हणजे माझ्यात आणि पाइपात अंतर दोन बोटांचं. मी घाबरट का झालो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पण बाबा होते तोवर काळजी नव्हती. मी जमिनीत चर पाडत जातो, त्याला तास म्हणतात. दोन-तीन फेऱ्या झाल्या की बाबा ट्रॅक्टर थांबवून त्या तासात अनवाणी उतरत. त्यांच्या नडगीवर एक जुना व्रण आहे, तळपायापासून बरोबर वीतभर वर. तासाची कड त्या व्रणाला टेकली की काम चोख. कमीजास्त झालं तर ते माझ्या कडेच्या चाकाची मूठ फिरवत. ते चाक वर घेतलं की मी खोल जातो, खाली सोडलं की उथळ. "आता कसा शहाण्यासारखा चालतोय," असं म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारत. त्या थापेवर माझा अख्खा हंगाम निघे.

मग बाबांची नजर अधू झाली. गेल्या वर्षी नांगरटीला भाड्याचा ड्रायव्हर आला. जितकं खोल तितकं चांगलं, अशी त्याची समजूत. त्याने माझं चाक पार वर चढवलं. मी ओरडणार कसा? खटकन काहीतरी फाळाला लागलं, तो धाकटीचा पाइप होता. धाकटी तेव्हा चार दिवस परगावी होती. परतली तेव्हा वाफ्यांमधली सगळी रोपं करपून गेली होती.

"ताई, तू मुद्दाम केलंस," ती दारातूनच म्हणाली. "मी वेगळी राहते ते तुला पहिल्यापासून खुपतंय."

थोरली नाकावर माशी बसू न देणारी. एक शब्द न बोलता ती आत निघून गेली. वर्षभर दोघी एकमेकींशी बोलल्या त्या बाबांच्या मार्फत. पाइप दुरुस्त झाला, पण त्या दोघींचं काही जुळलं नाही.

पाइप फुटला त्याच आठवड्यात बाबांनी मला पुन्हा शेतात नेऊन व्रणाशी वीतभर खोली जुळवली आणि चाकाच्या स्क्रूच्या आट्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करून घेतली. "आता कोणीही लावू दे, इथेच लावायचं," ते म्हणाले. मग मी छपराखाली पडून राहिलो. माझ्यावर गंज चढला, कोंबड्या येऊन बसू लागल्या. मला मात्र एकच घोर लागला होता, ते दोन बोटांचं अंतर.

यंदा थोरली स्वतः ट्रॅक्टर चालवायला शिकली. माझे फाळ झिजून पार बोथट झाले होते. तिने मला वेल्डिंगवाल्याकडे नेलं आणि चारही फाळ नवे बसवले. बाबांना नांगरट झाल्यावर सांगू, म्हणजे खूश होतील, असं तिच्या मनात होतं. मीही आधी खूश झालो. मग माझ्या ध्यानात आलं आणि माझं धाबंच दणाणलं. नवे फाळ जुन्यांपेक्षा तीन बोटं लांब होते. बाबांची खूण चाकाला होती, फाळांना नव्हती.

नांगरटीच्या दिवशी सकाळी धाकटी आली. पाइपाच्या रेषेवर तिने काठ्या रोवल्या, त्यांना लाल चिंध्या बांधल्या आणि हाताची घडी घालून बांधावर बसलेल्या बाबांशेजारी उभी राहिली.

"बाबा, तिला सांगा, यंदा पाइप फुटला तर मी या घरची पायरी चढणार नाही. तुम्हाला भेटायलासुद्धा नाही."

"तिला सांगा, खूण तुमची आहे. मी खुणेवरच लावलंय," थोरली म्हणाली. आणि तिने चावी फिरवली.

पहिली फेरी झाली. मग दुसरी. लाल चिंध्या जवळ येऊ लागल्या. दर फेरीला मी दोन चरांइतका पुढे सरकत होतो आणि दर फेरीला माझे नवे फाळ नको तितके आत शिरत होते. खालून गार, ओलसर माती वर येत होती. ती कोणालाच दिसत नव्हती का? सातव्या फेरीला पाइप येणार होता. पाचवी फेरी झाली. माझा जीव टांगणीला लागला.

सहावी संपता संपता बाबा बांधावरून उठले.

"थांब गं! ट्रॅक्टरचा आवाज दबलाय. एवढा धापा का टाकतोय तो?"

ते काठी टेकत आले आणि चपला काढून तासात उतरले. वाकून त्यांनी तासाची कड चाचपली, मग व्रण चाचपला.

"माझा पाय आखूड झाला म्हणायचा, का नांगर वाढला?"

थोरलीने ट्रॅक्टर बंद केला. ती खाली उतरली. धाकटी धावत आली, गुडघे टेकून तिने तासात वीत लावली. वरती तीन बोटं उरली. मग ती माझ्या चाकापाशी आली आणि पांढऱ्या खुणेकडे बघत राहिली. चाक बरोबर खुणेवर होतं.

"नवे फाळ घातले गं," थोरली म्हणाली. "चांगलं व्हावं म्हणून घातले. मला सुचलंच नाही."

धाकटीने नव्या फाळावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी मी शेतात नव्हतेच. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर सांगून मोकळी झालीस. मग मी बाबांनाही सांगू दिलं नाही."

धाकटी पुन्हा माझ्यापाशी वाकली. तिने माझ्या चाकाची मूठ धरली. थोरली ट्रॅक्टरवर चढली. धाकटीने चाक थोडं खाली सोडलं, थोरलीने मला दहा पावलं ओढलं, बाबा तासात उतरले. "अजून." पुन्हा दहा पावलं. "मुठीला अजून एक फेरा दे." तिसऱ्या वेळी तासाची कड व्रणाला टेकली आणि बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सातव्या फेरीला मी लाल चिंध्यांच्या रेषेवरून गेलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. फाळाला माती लागली, पुन्हा मातीच लागली. मागून धाकटी त्याच तासातून अनवाणी चालत येत होती. टोकाला पोचल्यावर ती बाबांशी नाही, थेट थोरलीशी बोलली.

"ताई, चल, नळ सोडून बघू."

मला तिथे जाता येईना. मी बांधाशी उभा राहून कान लावला. आधी नळाचा नुसता फसफस आवाज आला आणि मग पाण्याची धार बादलीत पडल्याचा. थोरली ओंजळीने पाणी प्यायली, असं बाबा नंतर ट्रॅक्टरला की मला, कोणाला तरी सांगत होते.

मित्रांनो, आता माझ्या आट्यांवर पांढऱ्या खुणेखाली एक हिरवी खूण आहे. ती धाकटीने केली. हे फाळही झिजतील, मग तीही खोटी ठरेल. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मला ग्रीस लावा, छपराखाली ठेवा, कोंबड्या बसल्या तरी चालतील. पण दर वर्षी जुन्या खुणेवर विसंबून राहू नका. एकदा चपला काढून तासात उतरा आणि विचारा, यंदा किती खोल जातोयस?