पहारेकऱ्याचं मत

आमच्या परीक्षेच्या सर्व्हरवर एका उमेदवाराच्या प्रोग्रामने शेजारच्या उमेदवाराचं उत्तर वाचलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमची कंपनी प्रोग्रामिंगच्या ऑनलाइन परीक्षा घेते. उमेदवार कोड लिहितो, आमचा सर्व्हर तो चालवून बघतो. अनोळखी माणसाचा कोड आपल्या मशीनवर चालवायचा म्हणजे जोखीमच, म्हणून प्रत्येकाचा कोड वेगळ्या कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे लॉजमधली खोली समजा. दार वेगळं, कुलूप वेगळं. पण मधल्या भिंती छपरापर्यंत पोचत नाहीत, आणि छप्पर, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, कर्नल, सगळ्यांचं मिळून एकच. हा उमेदवार भिंतीवर चढला आणि पलीकडे डोकावला. मग त्यानेच आम्हाला मेल करून तसं कळवलं, हे आमचं नशीब.

सर्व्हर मीच सांभाळते, त्यामुळे भोक बुजवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन आठवडे घालवून मी पाच सॉफ्टवेअरं तपासली. त्यातलं ‘बंकर’ मला पटलं. ते कंटेनर आणि कर्नल यांच्या मध्ये ठाण मांडून बसतं आणि आतल्या प्रोग्रामला कर्नलशी थेट बोलूच देत नाही. आमच्या कामाला त्यामुळे आठेक टक्के वेळ जास्त लागत होता. मी एकवीस पानांचा अहवाल केला, आलेख जोडले आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

मॅनेजरने अहवाल उघडला नाही. फोन उघडला.

“लोक काय म्हणतायत याबद्दल?”

“कुठले लोक?”

“डेव्हलपर लोक. फोरमवरचे.” अंगठ्याने वर सरकवत सरकवत तो थांबला आणि मोठ्याने वाचू लागला. “‘बंकर वापरणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवणं. दसपट हळू. वेळ वाया घालवू नका.’ बघ, चारशे जणांना पटलंय.”

“आपल्याकडे आठ टक्के आलेत. पान सात.”

“तू एकटी म्हणतेस आठ टक्के. हे चारशे म्हणतायत दसपट.”

“चारशे जणांनी अंगठा दाबलाय. चालवून बघितलं असं त्यातलं कोण म्हणतंय?”

“मग काय सगळे वेडे आहेत?” म्हणत त्याने अहवाल माझ्याकडे परत सरकवला. “आधी हे खोडून दाखव. मग बोलू.”

मी दोन दिवस त्या ‘दसपट’च्या मागे लागले. एका ब्लॉगवर तो आकडा होता. ब्लॉगवाल्याने तो एका भाषणातून घेतला होता. भाषणवाल्याने एका तक्त्यातून. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक दुवा. असं एकूण सदतीस ठिकाणी तेच सांगितलेलं, कुणी वैतागून, कुणी शहाणपणाचा आव आणून, आणि मोजलेलं कुणीच नाही. सगळी वाट शेवटी फोरमवरच्या त्याच सहा वर्षांपूर्वीच्या प्रतिक्रियेपाशी येऊन थांबत होती. एका मताची सदतीस लेकरं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव ‘पहारेकरी’.

मॅनेजरने अर्धीच वाचली होती. पूर्ण प्रतिक्रियेचा शेवट असा होता: ‘हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो आहे!!’

वॉशिंग मशीनच्या नाजूक कपड्यांच्या सेटिंगपासून ते माझ्या नवऱ्याच्या चालण्यापर्यंत सगळ्याला ‘हँडब्रेक ओढून गाडी चालवणं’ म्हणणारा आणि दोन उद्गारचिन्हांशिवाय वाक्य न संपवणारा माणूस मला चांगलाच माहीत होता. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता. माझे वडील.

बाबा एका मोठ्या कार्यालयाच्या संगणक विभागातून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ते दिवसभर लॅपटॉपपुढे बसतात हे मला माहीत होतं. मी समजत होते बुद्धिबळ खेळतात. संध्याकाळी पाचला मी तिथे थडकले. बाबा जेवणाच्या टेबलाशी, चष्मा कपाळावर. आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बाबा, पहारेकरी तुम्ही का?”

त्यांचा चेहरा उजळला. “तू वाचतेस माझं?”

“अख्खं जग वाचतंय. बंकर तुम्ही खरंच चालवून बघितलं होतं?”

“म्हणजे काय! न बघता लिहीन मी?”

“लिहाल,” आई मान वर न करता म्हणाली.

“निवृत्त व्हायच्या आधी,” बाबा तिच्याकडे दुर्लक्ष करत म्हणाले, “शेवटच्या आठवड्यात. व्यवस्थित मोजलं होतं.”

“कुठल्या मशीनवर?”

“ते आमचं चाचणीचं होतं ना, व्हर्च्युअल मशीन. म्हणजे एका व्हर्च्युअलच्या आत दुसरं. मोकळं मशीन कुठे होतं तेव्हा?”

मी खुर्चीत बसले. “म्हणजे नकली मशीनच्या पोटात नकली मशीन, आणि त्याच्या पोटात बंकर? बाबा, तिथे साधा कॅल्क्युलेटरसुद्धा रखडला असता!”

“मग मी तसं लिहिलंय ना.”

“कुठे?”

चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी स्वतःचीच प्रतिक्रिया वरून खाली वाचली, मग खालून वर. “राहिलं असेल लिहायचं,” ते म्हणाले.

मला केस उपटावेसे वाटले. तीन आठवडे मी मोजत होते, मॅनेजर त्याकडे ढुंकून बघत नव्हता, आणि ज्याच्यापुढे तो मान डोलवत होता ते मत माझ्या बापाने निवृत्तीच्या समारंभाला जाता जाता ठोकून दिलं होतं.

शनिवारी सकाळी मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. म्हटलं, आता माझ्यासमोर मोजा. बाबा सुरुवातीला कुरकुरले, पण की-बोर्डवर हात पडल्यावर बोटांना सगळं आठवलं. पहिल्यांदा सात टक्के आले. “मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा नऊ.

“बाबा.”

“पुन्हा चालवतो.”

चौथ्यांदा आठ आल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतले. हजारो बारीक फायली तयार करणारा एक प्रोग्राम मात्र पस्तीस टक्क्यांवर गेला, तेवढंच त्यांना हुशारी देऊन गेलं. पण दसपट कुठेच नाही.

मग ते आपल्या जुन्या प्रतिक्रियेखालची उत्तरं वाचत बसले. तिसरं उत्तर बंकर बनवणाऱ्यांपैकी एकाचं होतं. त्याने नम्रपणे विचारलं होतं, ‘कुठल्या मशीनवर मोजलंत? आकडे पाठवाल का?’ खाली बाबांचं उत्तर: ‘मला प्रश्न विचारण्यापेक्षा कोड सुधारा!!’

बाबांनी ते हलक्या आवाजात वाचलं. “कोण असतात गं हे लोक?”

“तिघं आहेत. आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात.”

मग तासभर टाइप करून त्यांनी दुरुस्ती लिहिली: मशीन कुठलं होतं, चूक काय झाली, नवे आकडे काय, आणि त्या माणसाची माफी.

मला वाटलं, संपलं. कुठलं काय! पहिलं उत्तर आलं, ‘कंपनीने म्हाताऱ्याला फोडलेला दिसतो.’ दुसरं, ‘अकाउंट हॅक झालंय.’ तिसऱ्याने तर कमाल केली: ‘खरा पहारेकरी असं कधीच म्हणाला नसता.’

“अरे, मीच खरा आहे!” बाबा स्क्रीनवर ओरडले.

“स्क्रीनला ऐकू येत नाही,” आई म्हणाली.

दुरुस्ती अकरा जणांना पटली. जुन्या प्रतिक्रियेला त्याच दोन दिवसांत वीस नवे अंगठे मिळाले. बंकरवाल्याचा तेवढा बाबांना वेगळा निरोप आला, दोनच ओळींचा: आकडे पाठवलेत, आभारी आहे, बारीक फायलींचं आम्हालाही माहीत आहे, बघतोय. बाबांनी तो मला फोनवर वाचून दाखवला, आणि मग पुन्हा एकदा.

सोमवारी मी मॅनेजरला दुरुस्ती दाखवली. तो बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला.

“सहा वर्षांनी मत फिरवलं? कुठेतरी पाणी मुरतंय.”

“काही मुरत नाहीये. ते माझे वडील आहेत.”

“मग तर झालंच!”

त्या क्षणी माझं डोकं सटकलं. “खुर्ची घ्या आणि इथे बसा,” मी म्हणाले. आवाज बहुतेक चढला होता, कारण तो निमूट बसला. त्या उमेदवाराने पाठवलेला प्रोग्राम मी आधी आमच्या जुन्या कंटेनरमध्ये चालवला. पडद्यावर त्याच सर्व्हरवर ठेवलेली येत्या गुरुवारच्या परीक्षेची उत्तरं सरसर उतरू लागली. पाचव्या प्रश्नाखाली मॅनेजरची स्वतःची टीपही होती: ‘हा सोपा ठेवा, नाहीतर तक्रारी येतात.’

“हे बाहेर कसं आलं?”

“मी महिनाभर तेच सांगतेय.” तोच प्रोग्राम मी बंकरमध्ये चालवला. एकच ओळ आली: फाइल सापडली नाही.

मॅनेजरने मला तो पुन्हा चालवायला लावला. मग म्हणाला, “हे आधी का नाही दाखवलंस?”

“पान बारा.”

गुरुवारच्या आत बंकर बसलं. सगळं काही सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या परीक्षेत एका प्रश्नाला भरपूर बारीक फायली लागत होत्या, तिथे वेळ संपून तीन उमेदवार अडकले. त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि मॅनेजरने मला ‘दसपट’ची आठवण करून दिली. मी त्या प्रश्नाची वेळ वाढवली. शेजाऱ्याकडे मात्र पुन्हा कुणी डोकावलं नाही. हे सगळं, आकड्यांसकट आणि त्या तिघांसकट, मी फोरमवर लिहिलं. चार उत्तरं आली. एकाने आलेखाचे रंग डोळ्यांना टोचतात म्हणून कळवलं, आणि दुसऱ्याने विचारलं, ‘पहारेकऱ्याचं मत वाचलं नाहीत वाटतं?’

आणि पहारेकरी? ते आता बंकरचे प्रचारक झालेत. कुणी काहीही विचारो, उत्तर बंकर. परवा एकाने विचारलं होतं, गच्चीवर हवामान मोजायला बॅटरीवर चालणारं चिमुकलं यंत्र बसवतोय, त्यात काय टाकू? बाबांनी तिथेही तेच ठोकलं. मी फोन लावला.

“बाबा, त्या यंत्रावर दुसऱ्या कुणाचा कोड चालणारच नाहीये. कुणापासून वाचवायचंय त्याला?”

“सावध असलेलं बरं.”

“आणि बॅटरी?”

“आठ टक्क्यांचा तर फरक. मी स्वतः मोजलाय.”

“माझ्या लॅपटॉपवर!”

“हो, मग तसं लिहिलंय की मी या वेळी,” बाबा दुखावल्या सुरात म्हणाले. “बघ उघडून.”

उघडून बघितलं. खरंच लिहिलं होतं, लॅपटॉपच्या मॉडेल नंबरसकट. वर सव्वीस अंगठे. मी फोन ठेवला, कपाळाला हात लावला आणि त्या हवामानवाल्याला लिहायला घेतलं, की बाबा रे, तुला यातलं काहीच लागत नाही.