काखेतली गाठ

उस्तादांच्या वस्तऱ्याने आज पहिल्यांदाच गिऱ्हाईक कापलं. फार नाही, कानाखाली जरासं. पण रक्त आधी गिऱ्हाइकाने आरशात पाहिलं, मग उस्तादांनी. बोटांना काही कळलंच नव्हतं.

"काय उस्ताद, म्हातारे झालात की!" गिऱ्हाईक हसलं. उस्तादही हसले, तुरटी लावली, आणि ते गेल्याबरोबर दुकानाचं शटर ओढून घेतलं.

त्यांना लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, होता. दोन औषधांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी या नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. हे औषध म्हणे रोगट पेशी हुडकून थेट तिच्या पोटात विष सोडतं. माणसांना देऊन बघायची ही पहिलीच खेप. "थोडं विष इकडेतिकडे सांडतंच," बाई म्हणाल्या होत्या. "बोटं बधिर झाली तर लगेच सांगा. डोस कमी करावा लागेल, कदाचित थांबवावाही लागेल."

माणूस मोठा चतुर प्राणी, सोयीचं तेवढंच ऐकतो. उस्तादांनी भीतीचं तेवढं ऐकलं: थांबवतील. आणि मूग गिळून बसले. कारण रोज आंघोळीला काखेतली गाठ चाचपायची, तर ती विरघळत चालली होती! सुपारीएवढी होती, मग वाटाण्याएवढी, आणि गेल्या आठवड्यापासून हाताला लागतच नव्हती. असं औषध बोटांपायी सोडायचं?

घरी आले तर बायको दवाखान्याच्या पिशवीत पाण्याची बाटली भरत होती. आज तिसरा डोस होता. नवऱ्याचा चेहरा बघून तिने विचारलं, "काय झालं?"

तिच्यापुढे खोटं टिकत नसे. त्यांनी सगळं सांगून टाकलं. बधिर बोटं, वस्तरा, रक्त. "पण तू बाईंजवळ बोलू नकोस. गाठ गेलीय अगं! बघ, हात लावून बघ."

तिने ओला हात पदराला पुसला आणि काखेत घातला. बोटं एका जागी थांबली.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "आहे की."

त्यांनी स्वतः चाचपलं. काही नाही. तिने त्यांचं बोट धरून नेमकं तिथे टेकवलं, दाबलं. तरीही काही नाही. मग त्यांना उमगलं. ते मोरीच्या कठड्यावर बसले.

"लहान तरी झालीय ना? आधीपेक्षा?"

"मला काय ठाऊक? आधी कधी हात लावू दिलात?" तिचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम होता. "माप बाईंकडे आहे. चला. आणि बोटांचं तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन."

"थांबवलं तर?"

त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना, ती तिने लावली.